धक्का प्रेक्षकाला, किंमत कुणाला?

‘तुला तो कळलाच नाही!’ फिल्म क्लबमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. आर्टहाऊस सिनेमा बघून कुणी म्हणालं, की मला कसंतरीच झालं, की लगेच उत्तर येतं, ‘अरे, तेच तर हवंय दिग्दर्शकाला.’ संपली चर्चा. कसंतरी नेमकं कशामुळे झालं, हे कुणी विचारत नाही.

लार्स फॉन ट्रिअरचा १९९८चा ‘द इडियट्स’ घ्या. डॉग्मा ९५ चळवळीतला दुसरा सिनेमा. हातातला कॅमेरा, कृत्रिम लाइट नाहीत, सेट नाही. कोपनहेगनजवळच्या एका बंगल्यात जमलेली धडधाकट मंडळी रेस्टॉरंटमध्ये, कारखान्यात, स्विमिंग पूलवर बौद्धिक अक्षमता असल्याचं सोंग घेतात आणि लोकांची तारांबळ बघतात. कानच्या महोत्सवात ब्रिटिश समीक्षक मार्क करमोड थिएटरमध्येच मोडक्या फ्रेंचमध्ये ओरडले आणि त्यांना बाहेर काढलं गेलं!

माझ्या मते हा सिनेमा अक्षमता असलेल्यांची टिंगल करत नाही. तो टोपी उडवतो ती सुखवस्तू, सभ्य माणसांची. आणि शेवटी मूल गमावलेली कारेन आपल्या घरच्यांसमोर तेच सोंग घेते, तेव्हा अंगावर काटा येतो. सिनेमा म्हणून तो जबरदस्तच आहे.

पण मधे एक प्रसंग आहे. डाऊन सिंड्रोम असलेली खरीखुरी माणसं त्या बंगल्यावर येतात आणि सोंग घेणाऱ्यांची पंचाईत होते. कल्पना हुशार आहे, पण आलेल्या माणसांचं काय? त्यांना ना गोष्ट, ना भूमिका. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो तो इतरांची अस्वस्थता मोजायला. आपण कुठल्या सिनेमात आहोत हे त्यांना माहीत होतं का, हे पडद्यावरून कळायला मार्ग नाही आणि तो ठेवावा असं दिग्दर्शकाला वाटलेलं नाही.

वेर्नर हर्झॉगचा किस्सा तर सिनेमावेडे हसत हसत सांगतात. १९७०च्या ‘इव्हन ड्वार्फ्स स्टार्टेड स्मॉल’मध्ये सगळे कलाकार खुज्या उंचीचे. शूटिंगमध्ये एक जण गाडीखाली आला, एकाच्या अंगाला आग लागली. दोघंही वाचले. तुम्ही सगळे धड बाहेर पडलात तर मी निवडुंगात उडी मारेन, असा शब्द हर्झॉगने दिला आणि पाळलाही. काय माणूस आहे ना! फक्त निवडुंगात उडी मारायचं हर्झॉगने स्वतः ठरवलं होतं. आगीत सापडायचं त्या नटाने ठरवलं नव्हतं.

मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’साठी (१९८८) रस्त्यावरच्या मुलांची आधी कार्यशाळा घेतली आणि सिनेमानंतर अशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तरी त्यातला मुख्य मुलगा पुढे बेंगळुरूत रिक्षा चालवत होता. हिशेब इथेही पूर्ण मिटला नाही, पण पॅकअपनंतर विषय संपला असं तरी कुणी मानलं नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर कुठल्याही मास कॉमच्या बॅचची डॉक्युमेंटरी बघा. फुटपाथवरची म्हातारी, ब्लॅक अँड व्हाइट क्लोजअप, मागे पियानो. कन्सेंट फॉर्म इंग्रजीत, खाली अंगठा. मार्क आपल्याला, फेस्टिव्हलचं सर्टिफिकेटही आपल्याला.

मला सेन्सॉर नको आहे. कात्री तिसऱ्याच कुणाच्या हातात गेली की काय होतं, ते आपण बघतोच. पण जिचा चेहरा आहे, तिच्या हातात ती थोडी तरी असावी की नाही? असं केलं तर काही सिनेमे बनणारच नाहीत, असं माझा एक मित्र म्हणतो. नाही बनणार. चालेल मला.

यंदाच्या प्रोजेक्टचं एडिट लॉक करण्याआधी लॅपटॉप घेऊन परत त्या फुटपाथवर जा. आजीला तिचा शॉट दाखवा. ‘हे काढ बाबा’ म्हणाली, तर काढावा लागेल. भले तो तुमचा बेस्ट शॉट असो.