भिंतीआडचे वाहन आणि चालकाचा परवाना

रस्त्यावर रिक्षा चालविणाऱ्यास परवाना लागतो. तो नसल्यास त्यास दंड होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु भिवंडीच्या गोदामात किंवा चाकणच्या कारखान्यात माणसांच्या वर्दळीतून टनावारी माल नेणारे फोर्कलिफ्ट यंत्र चालविण्यास असा परवाना लागत नाही. केवळ कारखान्यात अथवा बंदिस्त आवारात वापरावयाची खास वाहने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या व्याख्येतूनच वगळली आहेत. भिंतीआड गेल्याने यंत्राचे वजन कमी होते काय?

ज्यास मोटार येते त्यास हेही येईल, ही समजूत जीवघेणी आहे. तीन टन उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचेच वजन बहुधा चार टनांहून अधिक असते. ते मागील चाकांवर वळते. त्यामुळे वळताना त्याची पाठ बाहेर झोकली जाते व शेजारचा हमाल यंत्र आणि भिंत यांमध्ये सापडतो. ओझे वर चढवावे तसा तोल नाजूक होतो. यंत्र कलंडू लागताच उडी मारावी, असे कोणासही वाटेल. पण उडी मारणाराच वरच्या लोखंडी छताखाली चिरडला जातो. पट्टा बांधून जागेवर घट्ट बसून राहणे यातच त्याचा बचाव असतो. हे ज्ञान उपजत नसते. ते शिकवावेच लागते.

अमेरिकेत १९९९ पासून अमलात असलेल्या नियमान्वये चालकास प्रशिक्षण देऊन त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेतल्याचे मालकास लेखी प्रमाणित करावे लागते. दर तीन वर्षांनी फेरतपासणी होते. अपघात घडला वा थोडक्यात टळला, तरी उजळणी सक्तीची असते. आपल्याकडे प्रशिक्षणाचे कर्तव्य १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मात्र ते सर्वसाधारण शब्दांत आहे. अशा मोघमपणाच्या आडोशाने अर्ध्या दिवसात हाती पडलेला कागदही प्रमाणपत्र म्हणून मिरवू शकतो. आणि चालक कंत्राटी असला, की मालकाने कंत्राटदाराकडे व कंत्राटदाराने मालकाकडे बोट दाखवावे!

आणखी एक दाखला म्हणजे चिरीमिरीची आणखी एक खिडकी, ही शंका आम्ही निराधार मानीत नाही. म्हणूनच आम्हांस नुसता शिक्का नको आहे. ज्या जातीचे यंत्र चालवावयाचे त्यावरच, ज्या जागी चालवावयाचे तेथेच परीक्षा व्हावी. परीक्षकाचे नाव व तारीख नोंदली जावी. ठरावीक मुदतीने फेरतपासणी व्हावी. आणि कंत्राटी चालकाचीही जबाबदारी आवाराच्या मालकावरच राहावी. राज्य शासनाने हे चार नियम स्पष्ट शब्दांत घालून द्यावेत. प्रशिक्षणाचे दोन-चार दिवस बुडाले म्हणून कोणाचा धंदा बसत नाही. एका चुकीच्या वळणाने मात्र एखाद्या हमालाचा संसार कायमचा उघड्यावर येतो.