ठिगळ आणि अधिकार

लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपने सप्टेंबर २०१७ मध्ये, ३.२६ या आवृत्तीत, आपला सिस्टिम ट्रे काढून टाकला. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हांची एक लहानशी जागा गेली, एवढीच ही बाब वरवर पाहता वाटेल. परंतु निरोपांची देवघेव करणारे वा फायलींच्या प्रती अन्यत्र ठेवणारे कित्येक प्रोग्राम खिडकी बंद केल्यावरही चालूच राहतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट त्या चिन्हातूनच जाते. चिन्ह गेले की प्रोग्राम चालू असूनही वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही.

निर्णय घेणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जो तो प्रोग्राम आपले चिन्ह तेथे टांगून ठेवी. शिवाय ती जुनी पद्धत एक्स विंडो सिस्टिमवर बेतलेली. नव्या वेलँडमध्ये ती तशीच चालणे शक्य नव्हते. मात्र जुनी चाळ पाडणे वेगळे आणि रहिवाशांची सोय लावण्यापूर्वी ती पाडणे वेगळे. केडीईच्या मंडळींनी स्टेटस नोटिफायर आयटम ही नवी पद्धत आधीच पुढे आणली होती. ग्नोमने तिला आपल्या मूळ रचनेत स्थान दिले नाही.

तेव्हा लोकांनीच आडवाट काढली. ॲपइंडिकेटर नावाचे एक्स्टेन्शन बसवले की चिन्हे वरच्या पट्टीत परत येतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू ग्नोमकडे वळले, ते हे एक्स्टेन्शन सोबत घेऊनच. फेडोराच्या ग्नोमवर ते वापरणाऱ्याला स्वतः बसवावे लागते. वितरकालाच मूळ वस्त्राला ठिगळ लावून द्यावे लागते, तेव्हा ती गरज चार हट्टी माणसांची नव्हती हे उघड आहे.

परंतु ठिगळ ते ठिगळच. कोणत्या आवृत्त्यांवर आपण चालू, हे प्रत्येक एक्स्टेन्शनला नमूद करावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने मॉड्यूलची पद्धत बदलली आणि जुनी एक्स्टेन्शने दुरुस्त होईपर्यंत निकामी ठरली. ही दुरुस्ती करणाऱ्यांचे श्रम बहुधा कोणाच्या हिशेबात धरले जात नाहीत.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो संगणक वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य डोळ्यांसमोर ठेवून. त्या परंपरेतील परवाना प्रोग्राम बदलण्याचा अधिकार सर्वांना देतो, आणि म्हणूनच ही आडवाट निघू शकली. बंदिस्त प्रणालीत तीही निघाली नसती. तरीही सातबाऱ्यावर नाव लागणे आणि जमीन प्रत्यक्ष कसायला मिळणे यांतले अंतर कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही, त्याचा अधिकार कागदावरच राहतो.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक आहेत. एखादी सोय काढण्यापूर्वी तिचा पर्याय उभा करणे, हे प्रकल्प चालवणाऱ्यांचे कर्तव्य होय. आणि नव्या आवृत्तीची चाचणी घेणे, दोष कळवणे, भाषांतर करणे ही कामे वापरणाऱ्यांनी अंगावर घेतली पाहिजेत. सामुदायिक मालकी ही केवळ परवान्याने सिद्ध होत नाही. ती निर्णयातील सहभागाने सिद्ध होते.