सेंट्रल कॉलेजचं मैदान मैदानच राहू द्या

४ जून २०२५ला चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरी झाली आणि अकरा माणसं गेली. तेव्हापासून बेंगळुरूत एकच विषय निघतो: शहराबाहेर नवं, मोठं, हजारो माणसं मावतील असं स्टेडियम हवं. व्हावं की. पण माझ्या दुकानापासून पायी जाण्याच्या अंतरावर जे मैदान आहे, ज्यावर या राज्याचं क्रिकेट वाढलं, त्याचं नाव या सगळ्या चर्चेत कोणी घेत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

आमचं चिकपेटेत कापडाचं दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. दुकानातून निघून अव्हेन्यू रोड धरला की पुढे म्हैसूर बँक सर्कल येतं. ती बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली, तरी चौकाचं नाव कोणी बदललेलं नाही. तिथून पॅलेस रोडला लागलं की सेंट्रल कॉलेजची घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत दिसते. १८५८ साली सुरू झालेल्या शाळेतून हे कॉलेज उभं राहिलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथून बी. ए. झाले आणि मग इंजिनिअरिंग शिकायला पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले. १६ मार्च १९२८ला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या नव्या शोधावरचं व्याख्यान दिलं, तेही बेंगळुरूत आणि या कॉलेजच्या सायन्स क्लबच्या सहभागाने भरलेल्या सभेत. हे सगळं गावाला पाठ आहे. मैदानाचं तसं नाही.

चिन्नास्वामी बांधून होण्याआधी म्हैसूर संघाचे रणजीचे घरचे सामने याच कॉलेजच्या मैदानावर व्हायचे. रणजी करंडकाचा पहिलावहिला सामना म्हैसूर आणि मद्रास यांच्यात नोव्हेंबर १९३४ला चेपॉकवर झाला आणि म्हैसूर एका दिवसात हरलं. दोन डाव मिळून १०७ धावा. तिथपासून फिरकी गोलंदाज प्रसन्ना आणि चंद्रशेखर यांच्यापर्यंतची वाट या संघाने चालली ती अशाच मैदानांवर. माझे वडील दुपारी गल्ला भावाच्या ताब्यात देऊन सामना बघायला जायचे. हद्दीच्या दोरीजवळ उभं राहून फिरकी बघण्यात जे सुख आहे ते वरच्या गॅलरीत नाही, असं ते सांगत. मला ते पटतं.

त्या काळात दक्षिणेत मॅटिंगच्या खेळपट्ट्या सर्रास असत. माती धुम्मस करून, रोलर फिरवून कडक करायची, तिच्यावर काथ्याची चटई ताणायची आणि कडेने खिळे ठोकायचे. चटई सैल राहिली तर चेंडू वेडावाकडा जायचा, म्हणून ती ताणणाऱ्या माळ्याला मान असे. मॅटिंगवर चेंडू पकड घेतो, उसळतो. मनगटाने आणि बोटाने चेंडू फिरवणाऱ्याला हात खुला होतो, फलंदाजाला मात्र पायांचा वापर शिकावाच लागतो. १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, तेव्हा जगाने पाहिलं ते तिथलं गवत आणि तो निकाल. त्यामागे कॉलेज आणि क्लबांच्या मैदानांवरची कितीतरी वर्षांची गोलंदाजी होती. प्रसन्ना तर कसोटी खेळून झाल्यावर इंजिनिअरिंग पुरं करायला क्रिकेटपासून दूर गेले आणि परत आले. अभ्यास आणि खेळ एकाच आवारात असण्याचा तो काळ होता.

मुंबईच्या वाचकांना मार्च १९७४ आठवत असेल. लागोपाठ पंधरा वर्षं रणजी जिंकणाऱ्या मुंबईला कर्नाटकाने उपांत्य फेरीत रोखलं. विश्वनाथ यांच्या १६२, ब्रिजेश पटेल यांचं शतक, आणि धावताना पाय घसरून धावबाद झालेले मुंबईचे वाडेकर. म्हैसूरचं कर्नाटक होऊन जेमतेम काही महिने झाले होते. आमच्या घरात त्या दिवसांत दोन तट होते: आजी मुंबईकडून, वडील कर्नाटकाकडून. तो सामना नव्या चिन्नास्वामी स्टेडियमवर झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडीजच्या ग्रीनिज आणि रिचर्ड्स यांच्या पदार्पणाची. सेंट्रल कॉलेजच्या मैदानाकडे गर्दीने पाठ फिरवली ती तेव्हाच.

गर्दी गेलेल्या जुन्या मैदानाचं पुढे काय होतं, याचं एक उदाहरण बघा. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचं शहर आहे. तिथल्या रोझेनब्लॅट स्टेडियमवर १९५० ते २०१० कॉलेजांच्या बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरायची. नवं स्टेडियम झालं, जुनं २०१२ साली पाडलं, शेजारच्या प्राणिसंग्रहालयाला वाहनतळ हवा होता. तरी त्या लोकांनी फलंदाज उभा राहतो ती जागा हलवली नाही. तिथे छोटंसं बेसबॉलचं अंगण करून ठेवलं, पोरं त्यावर धावतात. मला हे थोडं वाटतं. पाडून मग आठवण ठेवण्यापेक्षा खेळतं मैदान राखलेलं बरं, आणि आपल्याला ते अजून जमण्यासारखं आहे.

आणि ते राखायलाच हवं, कारण पेटेत, म्हणजे आमच्या जुन्या बाजारात, मैदान नाही. चिकपेट, बळेपेट, कॉटनपेट या गल्ल्यांत हातगाडी निघायची मुश्कील, तिथे पोर चेंडू कुठे टाकणार? गोदामाच्या जिन्यात, बंद शटरवर. मेट्रो आली, चिकपेटेचं स्टेशन झालं, जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा भावात शहराच्या मधोमध पडलेली मोकळी जागा कोणाच्याही डोळ्यांत भरते. आज एक सभागृह, उद्या वाहनतळ, परवा प्रदर्शनाचा मांडव, आणि प्रत्येक वेळी कारण चांगलंच असतं.

कॉलेजचं आवार ज्या विद्यापीठाकडे आहे त्याच्या सिंडिकेटने साधा ठराव करावा: ही जागा खेळासाठीच राहील, इथे बांधकाम होणार नाही. दारात एक फलक लावावा, रणजीच्या जुन्या सामन्यांच्या धावफलकांसह, कन्नडमध्ये. आणि सकाळी सहा ते आठ मैदान पेटेतल्या मुलांना मोकळं ठेवावं. राखणदाराचा पगार आणि रोलर-पाण्याचा खर्च चिकपेटेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून द्यावा, असं मी बाजारात सांगायला सुरुवात केली आहे. पहिली वर्गणी माझ्या दुकानाची असेल.