थीब्जची साथ आणि अथेन्सचे आकडे

सोफोक्लीझच्या ईडिपस राजाच्या नाटकाचा आरंभ होतो तो साथीच्या रोगाने. पूर्वीच्या राजाचा मारेकरी शोधल्याखेरीज थीब्ज नगरीवरील संकट टळणार नाही, असा डेल्फीचा कौल येतो. अंध द्रष्टा टायरेसियस सत्य जाणतो; पण त्याने ते उच्चारताच राजा त्याच्यावरच कटाचा आरोप करतो. वस्तुतः साथ सत्याने आणलेली नसते. ती आधीच आलेली असते. सत्य उशिरा येते, इतकेच.

आधुनिक ग्रीसच्या आर्थिक शोकांतिकेतही हाच क्रम दिसतो. २००९ सालची सरकारी तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ३.७ टक्के राहील, असे प्रथम सांगितले गेले. ऑक्टोबरात सत्तांतर झाले आणि हा आकडा १२.५ टक्क्यांवर गेला. नोव्हेंबर २०१० पर्यंत तो १५.४ टक्के ठरला. खोट्या हिशेबावर कर्ज स्वस्तात मिळते, आणि स्वस्त कर्ज मिळते तोवर हिशेब तपासण्याची निकड कोणालाच भासत नाही. २००४ मध्येही जुने आकडे कमी दाखविले गेल्याचे उघड झाले होते. तथापि त्यातून कोणी बोध घेतला नाही. अखेरीस पत नाहीशी झाली, तेव्हा भार पडला तो निवृत्तिवेतनधारक, शिक्षक आणि कारकून यांच्यावर. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली.

या नाटकातील टायरेसियस म्हणजे आन्द्रेआस गिऑर्गिऊ. ऑगस्ट २०१० मध्ये ते नव्या स्वायत्त सांख्यिकी संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी निश्चित केलेले आकडे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने ग्राह्य धरले. तरीही परकीय अटी लादता याव्यात म्हणून त्यांनी तूट फुगविली, असा आरोप झाला. ११० अब्ज युरोंचा पहिला कर्जकरार त्यांच्या नियुक्तीपूर्वी, मे २०१० मध्येच झाला होता, याचा आरोपकर्त्यांना विसर पडला. पुढे संचालक मंडळाच्या संमतीविना आकडे पाठविल्याबद्दल २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. जणू तूट ही मोजण्याची नव्हे, तर बहुमताने ठरविण्याची बाब आहे! या प्रकरणात त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

खऱ्या आकड्यांनी ग्रीसचे दुःख हलके झाले असते, असे मात्र नव्हे. काटकसरीच्या अटी किती कठोर असाव्यात, कर्जाची सूट आधीच का दिली गेली नाही, हे वाद रास्तच आहेत. परंतु हे वादही खऱ्या आकड्यांवाचून होऊ शकत नाहीत. रोगाचे निदान करणाऱ्यास शिक्षा झाली, तर पुढचा वैद्य नाडी धरण्यापूर्वी राजाचा चेहरा पाहील.

ईडिपसचे मोठेपण त्याच्या निर्दोषत्वात नाही. तोही प्रथम द्रष्ट्यावर संतापतो. योकास्टा त्याला शोध थांबविण्याची विनवणी करते. पण तो थांबत नाही, आणि सत्य आपल्याच दारी आले तेव्हा त्याचा भार स्वतः उचलतो. अथेन्सचे राज्यकर्ते मात्र या नाटकाच्या पूर्वार्धातच थांबले. ज्या राज्यात हिशेबनीस सत्तेला भितो, तेथे साथ ओसरली तरी तिचे कारण शिल्लक राहते.