वसतिगृहाचे कुलूप आणि शुल्काचा हिशेब

२०२० च्या मार्च महिन्यात राज्यातील विद्यापीठे बंद झाली, तेव्हा ‘शिक्षण थांबता कामा नये’ हे वाक्य सर्वांच्याच तोंडी होते. तासिका मोबाईलवर आल्या, पाठोपाठ परीक्षाही मोबाईलवर आल्या, आणि शिक्षण थांबले नाही असा निर्वाळा यथावकाश देण्यात आला. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आमच्या विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर हा निर्वाळा आम्हांस मान्य करता येत नाही. वर्ग कसेबसे चालू राहिले, हे खरे. बंद पडले ते वसतिगृह. आणि गरिबाच्या मुलाच्या बाबतीत वर्गापेक्षा वसतिगृहच आधी येते, हे निवासी शाळा चालविणाऱ्या आम्हां मंडळींना कोणी निराळे सांगावयास नको.

विष्णुपुरीच्या माळावरील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे आहे. किनवट-माहूरच्या डोंगरातून, मुखेड-कंधारच्या कोरडवाहू पट्ट्यातून, जळकोट-उदगीरकडून येथे येणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणजे केवळ प्राध्यापकांचे व्याख्यान नसते. ठरल्या वेळी मिळणारी दोन जेवणे, रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा, ग्रंथालयातील एक खुर्ची, आणि अभ्यासाच्या मध्येच कोणी पाण्याला, शेताला वा रोजगाराला हाक मारणार नाही याची शाश्वती, हे सारे मिळून त्याचे विद्यापीठ होते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. घरी परतलेल्या मुलीच्या हातातील पुस्तक चुलीपुढे प्रथम बाजूला ठेवले जाते, आणि टाळेबंदीत स्वस्तात उरकलेल्या लग्नांचा हिशेब कोणत्याही परीक्षा विभागाच्या दप्तरी लागत नाही.

त्या काळात विद्यापीठाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या परिसरात कोरोना चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली. जीवशास्त्राचे शिक्षण समाजाच्या कामी कसे येते याचा तो वस्तुपाठ होता. लातूरजवळ बारा नंबर पाटी येथील समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहात कोविड केअर सेंटर सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या खाटांवर रुग्ण आले. ते योग्यच झाले.

येथे विनयपिटकातील एका प्रसंगाचे स्मरण होते. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. आनंदाला सोबत घेऊन तथागतांनी त्याला स्वतः स्नान घातले, उचलून शय्येवर निजविले, आणि मग इतर भिक्खूंना विचारणा केली. त्यांचे म्हणणे असे, की तुम्हांला येथे माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? हा प्रसंग आपल्याकडे रुग्णसेवेचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यातील दुसरा अर्थही तितकाच मोलाचा वाटतो. ज्ञानासाठी जो घर सोडून आला, त्याच्या देहाची आणि निर्वाहाची जबाबदारी ज्या संस्थेने त्याला जवळ केले तिच्यावर येते. खाट रुग्णाला दिली, उत्तम केले. पण त्या खाटेवरचा विद्यार्थी कोठे गेला, तो काय खातो, कशावर वाचतो, हे विचारण्याचे काम कोणाचे होते?

आता खर्चाकडे वळू. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने विद्यापीठे व महाविद्यालयांच्या शुल्कात सवलत जाहीर केली. विद्यार्थ्यांनी ज्या सुविधा वापरल्याच नाहीत त्यांचे शुल्क माफ वा कमी करावे, आणि ज्यांचे पालक कोरोनाने हिरावले त्यांना शुल्कमाफी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. हेतू चांगला होता. परंतु अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी जे उत्पन्नाच्या मर्यादेत बसतात, त्यांचे शुल्क भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून मुळातच भरले जाते. शुल्क घटले म्हणून त्यांच्या खिशात काय पडले? ज्यांची निकड सर्वांत मोठी, त्यांनाच ही सवलत सर्वांत कमी पोचली. त्यांचा खरा खर्च पावतीपुस्तकात कधी नसतोच. तो खोलीभाड्यात असतो, खानावळीत असतो, एसटीच्या तिकिटात असतो, आणि २०२० पासून मोबाईल व त्याच्या रिचार्जमध्ये आहे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. नांदेड व लातूर ही महानगरपालिकांची शहरे असल्याने तेथील विद्यार्थ्यासाठी तीत वर्षाला ५१ हजार रुपये धरण्यात आले होते. २८ हजार भोजनाचे, १५ हजार निवासाचे आणि ८ हजार निर्वाहाचे. कागदावर रक्कम वाईट नाही. पण ही सारी रचना विद्यार्थी शहरात राहतो आणि महाविद्यालयात हजर असतो या गृहीतावर उभी आहे. टाळेबंदीत विद्यार्थी गावी आणि त्याचे गाठोडे शहरातील खोलीत, अशी स्थिती झाली. खोली सोडावी तर पुन्हा अनामत भरावी लागणार. ठेवावी तर न राहिल्या महिन्यांचे भाडे. घरमालकही अनेकदा त्या भाड्यावरच जगणारा. हा गुंता सोडविण्यासाठी एखादा साधा शासननिर्णय पुरेसा झाला असता, असे आमचे मत आहे.

ऑनलाईन शिक्षणाचा भार कोणावर टाकला जात आहे, हे काही गुपित नव्हते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के होती. इमारत, वीज, फळा, बाक हा खर्च आजवर संस्थेचा होता. तो रातोरात विद्यार्थ्याच्या घराकडे सरकला आणि त्याला ‘घरबसल्या शिक्षण’ असे गोड नाव मिळाले. अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द कराव्यात अशी राज्याची भूमिका होती; २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही असा निकाल दिला. त्या निकालाविषयी आमची तक्रार नाही, पदवीला किंमत राहिलीच पाहिजे. मात्र परीक्षा घ्यावी की नाही यावर तीन महिने जेवढा वाद झाला, तेवढा विद्यार्थी कोठे बसून अभ्यास करतील यावर तीन दिवससुद्धा झाला नाही.

पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने उघडली आणि दुसरी लाट येताच पुन्हा बंद झाली. २० ऑक्टोबर २०२१ रोजी ती परत उघडली, तोच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. वसतिगृहे टप्प्याटप्प्याने उघडणार, गाड्या आगारात उभ्या, आणि वर्गात हजेरी मात्र हवी! काळीपिवळीला दामदुप्पट पैसे मोजून रोज तालुक्याला जाणे कोणाला परवडले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

आपल्या चळवळीने वसतिगृहाचे मोल फार पूर्वी ओळखले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर बाबासाहेबांनी शिक्षणाचे जे पहिले मोठे काम हाती घेतले, ते महाविद्यालयाचे नव्हते. १९२५ मध्ये सोलापुरात उघडलेल्या वसतिगृहाचे होते. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, औरंगाबादचे मिलिंद १९५० चे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नामांतराच्या लढ्यात प्राण वेचणारे टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे हे याच नांदेड जिल्ह्याचे. त्यांनी विद्यापीठावर हक्क सांगितला तो प्रवेशद्वारावरील पाटीपुरता खचित नव्हता.

हे सारे आज उगाळण्याचे कारण असे, की संकट पुन्हा येणार आहे. आमच्या भागाला त्याची सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याला वर्ष पुरे होण्याआधी, १७ सप्टेंबर १९९४ ला, हे विद्यापीठ स्थापन झाले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शिवाय मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाईन शिकविण्याची कल्पना मांडली. तात्पुरती म्हणून स्वीकारलेली सोय अशा वाटेने कायमची होते, आणि मग वसतिगृहाला निधी कशाला, असा प्रश्न कोणीतरी विचारतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बंदची वेळ आलीच तर वसतिगृह, भोजनालय आणि अभ्यासिका ही सर्वांत शेवटी बंद व्हावीत आणि सर्वांत आधी उघडावीत. ज्याच्या घरी अभ्यासाला जागा नाही, त्याला अंतर राखून का होईना, आत राहू द्यावे. शिष्यवृत्तीचा व स्वाधारचा हप्ता अशा काळात हजेरीच्या दाखल्यासाठी अडवू नये; तो आगाऊ द्यावा. आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत आहेतच. किनवटच्या विद्यार्थ्याने नांदेडलाच आले पाहिजे असे काय आहे? त्याने कोठेही प्रवेश घेतलेला असो, संकटकाळात किनवटच्याच महाविद्यालयात बसून वाचण्याची, तेथील संगणक व वीज वापरण्याची मुभा त्याला विद्यापीठाच्या ओळखपत्रावर मिळावी. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक परिपत्रक लागते, आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या शिपायाचा पगार.