लॅपटॉप तापतोय? नवा घेण्याआधी एकदा उघडून बघा

जयसिंगपूर : मार्च उजाडला की जुने लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाहीत. पंखा घरघरतो, साधी फाइल उघडायला मिनिट लागतं. दुकानात गेलात की उत्तर तयार असतं : 'जुना झालाय, नवाच घ्या.' मग मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून घरात आणखी एक हप्ता सुरू होतो. पण तापणं हे लक्षण आहे. कारण न शोधता लॅपटॉप बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

नेमकं काय होतं?

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या जाळीपर्यंत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. प्रोसेसर आणि नळी यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो सुकतो, जाळीत धूळ बसते. यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर कापसाचे तंतूही. तापमान ९० ते १०० अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे 'स्लो' झालेला लॅपटॉप फक्त गुदमरलेला असू शकतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझ्या लॅपटॉपचा 'मदरबोर्ड गेला' असं एका दुकानात सांगितलं होतं. दुसऱ्या कारागिराने माझ्यासमोर उघडला, तर जाळीवर धुळीचा जाड थर. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यावर तो पुढे तीन वर्षं चालला.

आधी घरी तपासा

• गादीवर, उशीवर वापरू नका. खालची हवेची वाट बंद होते.
• टास्क मॅनेजरमध्ये कोणतं अ‍ॅप प्रोसेसर खातंय ते पाहा.
• टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, दाबू किंवा टोचू नका. आगीचा धोका असतो.

दुरुस्ती कधी, नवा कधी?

धूळ, पेस्ट, पंखा, बॅटरी : दुरुस्त करा. हार्ड डिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी बसवा, वेगात फरक जाणवेल.

मदरबोर्ड खरोखर गेला असेल, किंवा खर्च तशाच चालू स्थितीतल्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबा.

आणखी एक मुद्दा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारण २०१७ पूर्वीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार टाळा. अभ्यास, टायपिंगसाठी मोफत लिनक्स टाकून तो वापरता येतो.

दुकानात देताना

आधी डेटाची कॉपी घ्या. समोर उघडायला सांगा, खर्च लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा.

आणि शेवटी टाकायचाच ठरला, तर भंगारात नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

न उघडताच 'नवा घ्या' म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : बिघडलंय काय? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.