झोजीलाचे 32 दिवस आणि माणाचे आठ जण

मा. महासंचालक, सीमा रस्ते संघटना यांस,


पुण्याहून लिहितो आहे. तुमच्या ग्रेफ या अभियंता दलाचे केंद्र इथेच, दिघीला आहे. तेवढ्या शेजारधर्माने चार शब्द बोलतो.

1 एप्रिल 2025 रोजी श्रीनगरहून लडाखला जाणाऱ्या रस्त्यावरची झोजीला खिंड खुली झाली. खिंड अवघे 32 दिवस बंद राहिली, हे तुम्ही अभिमानाने जाहीर केलेत. अभिमान रास्तच आहे. पूर्वी हीच खिंड हिवाळ्यात पाच-सहा महिने मिटलेली असायची आणि लडाखला साऱ्या हिवाळ्याची बेगमी आधीच भरून ठेवावी लागायची. साडेतीन हजार मीटरवर श्रीनगरकडून ‘बीकन’ आणि द्रासकडून ‘विजयक’ या तुमच्या प्रकल्पांचे लोक बर्फ कापत येतात, ही काही साधी गोष्ट नाही.

पण 27 फेब्रुवारीला ज्या हिमवादळात झोजीला बंद पडली, त्याच दिवसांतल्या हिमवृष्टीत, 28 तारखेला सकाळी, बद्रीनाथजवळच्या माणा इथे तुमच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. 54 माणसे अडकली. 46 वाचली, आठ गेली. माणा ज्या जिल्ह्यात येते त्या चमोलीसाठी हिमस्खलनाचा इशारा संरक्षण खात्याच्याच डीजीआरई या संस्थेने आदल्या संध्याकाळी दिला होता. तो छावणीत किती वाजता पोचला? ‘सगळे खाली उतरा’ म्हणायचा अधिकार तिथे कुणाकडे होता? कामगारांच्या राहण्याचे कंटेनर त्या उताराखाली कुणी ठेवायला सांगितले?

रस्ते लवकर उघडण्याच्या घाईचा दोष एकट्या तुमचा नाही, हेही सांगतो. पावसाळ्यात वरंधा घाट बंद केला की आम्ही भोरपासून महाडपर्यंत प्रशासनाच्या नावाने बोटे मोडतो. नाताळात मनालीला गेलेल्या आमच्याच मंडळींना अटल बोगद्यापलीकडचा बर्फ त्याच दिवशी पाहायचा असतो. रस्ता का बंद, म्हणून पोलिसांशी हुज्जत घालतात. सीमेवरच्या फौजेची निकड वेगळी, ती मान्य. सेल्फीची नव्हे.

म्हणून मागणी एवढीच. पुढच्या वर्षी खिंड किती दिवसांत उघडली हे सांगाल, त्याच पत्रकात इशाऱ्यामुळे काम किती दिवस थांबवले आणि किती माणसे वेळेत खाली आणली, तेही छापा. रोजंदारीवरच्या मजुरांची गणती त्यात वेगळी दाखवा. आणि माणाच्या चौकशीत जे निघाले असेल, ते त्या आठ घरांना त्यांच्या भाषेत, लेखी कळवा.

आपला,
एक पुणेकर